संगीताच्या डबीपासून सिंकच्या मिक्सरपर्यंत : केडब्ल्यूसी या स्विस नळ कंपनीची गोष्ट

स्वित्झर्लंड म्हटलं की बर्फाची शिखरं डोळ्यांपुढे येतात. आरगाऊ हा त्या देशाच्या उत्तरेकडचा कँटन मात्र तसा नाही. कँटन म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखा घटक. इथे बुटक्या टेकड्या आहेत, शेतं आहेत आणि खोऱ्याखोऱ्यांत विखुरलेले लहानमोठे कारखाने आहेत. वीना नावाच्या छोट्या नदीचं खोरं एके काळी सिगारच्या धंद्यासाठी ओळखलं जायचं. याच खोऱ्यातल्या उंटरकुल्म गावाशी केडब्ल्यूसी या नळ कंपनीचं नाव जोडलेलं आहे. १८७४ साली अडोल्फ कारर यांनी तिची सुरुवात केली. पुढे ती 'कारर, वेबर आणि कंपनी' झाली, आणि जर्मन भाषेतल्या या नावाची आद्याक्षरं म्हणजे केडब्ल्यूसी.

पण कारर यांनी सुरुवात नळांपासून केली नव्हती. त्यांचा पहिला धंदा संगीताच्या डब्यांचा होता. चावी दिली की आपोआप धून वाजवणाऱ्या त्या डब्या. वाजवायच्या पेटीशी त्यांचा संबंध नाही. डबीत पितळेचा एक दंडगोल फिरत असतो आणि त्यावर शेकडो बारीक खिळे रोवलेले असतात. शेजारी पोलादाची फणी असते. खिळा फणीच्या दाताला उचलून सोडतो, दात थरथरतो आणि सूर निघतो. एखादा खिळा केसभर पुढेमागे झाला तरी धून बिघडते. घड्याळजींच्या देशात हे काम पिढ्यानपिढ्या चालत आलं होतं.

धून वाजवणाऱ्या डबीवरून कुणी पाण्याच्या नळाकडे का वळावं? कारागिराच्या बाजूने पाहिलं तर उत्तर सरळ आहे. दोन्हीकडे धातू एकच, पितळ. दोन्हीकडे मुख्य काम लेथवरचं. आणि दोन्हीकडे मालाची किंमत ठरते ती एकमेकांना टेकणारे दोन भाग किती अचूक बसतात यावर. नळाचा बाहेरचा आकार कुणीही घडवू शकतो. कारागिराची खरी कसोटी आत असते, जिथे एक पृष्ठभाग दुसऱ्यावर टेकून पाणी अडवतो. नळाचं काम पाणी देण्याचं आहे असं आपण समजतो. पण पाणी पाइपमधून स्वतःच्या दाबाने बाहेर यायला टपलेलंच असतं. अडवणं हेच अवघड, आणि या कंपनीचा इतिहास मला तरी या अडवण्याच्या कलेचा इतिहास वाटतो.

या कलेला गिऱ्हाईक कुठून मिळालं, हे कळण्यासाठी त्या काळचं पाणी पाहायला हवं. स्विस गावांत आणि शहरांत पाणी चौकातल्या दगडी कारंज्यांतून मिळायचं. झऱ्याचं पाणी तिथे रात्रंदिवस वाहत असे, त्याला नळ लागतच नव्हता. बायका हंडे भरायच्या, जनावरं तिथेच पाणी प्यायची. मग १८६७ साली झ्युरिकमध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि सुमारे ५०० माणसं दगावली. शहर हादरलं. मैला वाहून नेणारी नवी व्यवस्था आणि दाबाखालचं नळाचं पाणी या दोन्ही कामांना वेग आला. आर्नोल्ड ब्युर्क्ली हे शहराचे अभियंता या बदलाच्या केंद्रस्थानी होते. १८८४ मध्ये विषमज्वराची साथ आली तेव्हा शहराला आणखी एक धडा मिळाला, की पाणी घरात पोहोचवणं पुरेसं नाही, ते नीट गाळलेलंही असावं लागतं.

वाहत्या कारंज्यात आणि दाबाच्या जाळ्यात एक मूलभूत फरक आहे. कारंजं सतत वाहिलं तरी बिघडत नाही. दाबाच्या जाळ्यात मात्र प्रत्येक टोक बंद असावं लागतं, नाहीतर दाबच राहत नाही आणि वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. म्हणजे शहरात जितकी टोकं, तितक्या बंद होणाऱ्या तोट्या. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक स्वयंपाकघरात एक. नळाची बाजारपेठ अशी जन्माला आली. गेबेरिट ही दुसरी मोठी स्विस कंपनीही आपली सुरुवात १८७४ याच सालापासून मोजते. रापर्सव्हिल गावात आल्बर्ट गेबर्ट यांनी नळजोडणीचं काम सुरू केलं, आणि १९०५ साली त्यांच्या घराण्याने संडासासाठी लाकडी फ्लश टाकी बाजारात आणली. सालाचा मेळ योगायोगाचा असेल, पण दोन्ही धंद्यांना वारं मिळालं ते एकाच दिशेने.

जिनिव्हाला गेलेल्या प्रत्येक मराठी पर्यटकाने तिथल्या तळ्यातल्या उंच कारंज्यासमोर फोटो काढलेला असतो. त्याची जन्मकथा नळाच्याच विषयात मोडते. १८८६ साली ऱ्होन नदीवर पाण्याच्या दाबाचा एक मोठा कारखाना उभा राहिला. तो शहरातल्या कारागिरांच्या कार्यशाळांना दाबाचं पाणी पुरवायचा, कारण त्यांची छोटी यंत्रं पाण्यावर फिरत. संध्याकाळी काम सुटलं की सगळे जण आपापली यंत्रं बंद करत. पाणी कुठेच जायला वाट नाही, आणि पंप तर चालूच. दाब एकदम वाढायचा. तो सोडून देण्यासाठी एक झडप ठेवली होती. ती उघडली की पाण्याचा स्तंभ सुमारे ३० मीटर वर उडायचा. लोकांना तो इतका आवडला की १८९१ मध्ये तळ्याच्या काठी खास कारंजं उभारलं गेलं. आज ते सुमारे १४० मीटर उंच जातं आणि सेकंदाला ५०० लिटर पाणी फेकतं.

हीच गोष्ट लहान प्रमाणात घरात घडते. वेगाने वाहणारं पाणी अचानक अडवलं की त्याचा सगळा जोर पाइपच्या भिंतींवर येतो आणि भिंतीतून 'धप्' असा आवाज येतो. जुना, फिरवायचा नळ हळूहळू बंद होत असल्यामुळे हा धक्का कमी बसायचा. मिक्सर म्हणजे गरम आणि गार पाणी मिसळून देणारा नळ. एका दांडीच्या मिक्सरमध्ये मात्र हाताच्या एका फटक्यात प्रवाह थांबतो. म्हणून चांगल्या मिक्सरमध्ये दांडीला थोडा विरोध मुद्दाम ठेवलेला असतो. दुकानात दांडी फार सैल आणि हलकी लागली तर ती चांगली खूण समजू नये.

पाणी अडवतात कसं? जुनी पद्धत बहुतेकांच्या परिचयाची आहे. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट आणि क्राइम्स या कारखान्याने १८४५ साली स्क्रूच्या नळाचं पेटंट घेतलं. मुठीला आटे असलेला दांडा, ज्याला प्लंबर स्पिंडल म्हणतात, त्याच्या टोकाला वायसर. मूठ फिरवली की वायसर खाली उतरून भोकाच्या काठावर दाबून बसतो. वायसर आधी चामड्याचा असे, नंतर रबराचा आला. मऊ असल्यामुळे तो काठाचे लहानसहान खड्डे झाकून घेतो आणि म्हणून उत्तम अडवतो. पण मऊ असल्यामुळेच झिजतो. गरम पाण्याने कडक होतो, वाळूचा कण अडकला की चिरतो. मग माणूस मूठ आणखी जोरात आवळतो आणि वायसर आणखी लवकर जातो. सेकंदाला एक थेंब गळला आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर पाणी जातं. वर्षाला दीड हजार लिटरच्या वर.

१९३७ मध्ये अमेरिकेत अल मोएन या विद्यार्थ्याचा हात दोन मुठींच्या नळाने भाजला. गरम आणि गार पाणी एकाच हालचालीत जुळवता यायला हवं, हा विचार तेव्हा त्याच्या डोक्यात शिरला. त्याचा एका दांडीचा मिक्सर १९४७ मध्ये बाजारात आला. युरोपातल्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या आणि केडब्ल्यूसीचं नाव आज ज्या मालामुळे ओळखलं जातं, तो बहुतेक एका दांडीचाच आहे.

एक दांडी दोन कामं करते, किती पाणी आणि किती गरम. तिच्याखाली कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघडणारा-अडवणारा बदलता येणारा डबीसारखा भाग असतो आणि कार्ट्रिजच्या पोटात सिरॅमिकच्या दोन चकत्या. खालची चकती स्थिर. तिला तीन भोकं असतात. एकातून गार पाणी येतं, दुसऱ्यातून गरम, तिसऱ्यातून मिसळलेलं पाणी तोटीकडे जातं. वरची चकती दांडीबरोबर सरकते. तिच्या खालच्या अंगाला एक खळगा कोरलेला असतो. तो भोकांवर जसा येईल तसं पाणी एकातून दुसऱ्यात जातं. खळगा गरमच्या भोकावर जास्त आला तर पाणी गरम, गारच्या भोकावर सरकला तर गार, आणि सपाट भाग भोकांवर आला की नळ बंद.

इथे वायसर नाही, म्हणजे मऊ असं काहीच नाही. दोन कडक पृष्ठभाग केवळ सपाटपणाच्या जोरावर पाणी अडवतात. चकत्या ॲल्युमिनाच्या असतात. माणिक आणि नीलमही मुळात याच रसायनाचे. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल गणले जाणारे. त्या इतक्या गुळगुळीत घासतात की सपाटपणातला फरक एका मायक्रॉनच्याही आत राहतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. अशा दोन चकत्या कोरड्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या चिकटून बसतात. कठीण असल्यामुळे त्या वर्षानुवर्षं झिजत नाहीत. नवीन इमारतीत मात्र पहिलं पाणी सोडताना पाइपमधली वाळू आणि सिमेंटचा कचरा आत गेला तर कार्ट्रिज पहिल्याच दिवशी खराब होऊ शकतं. म्हणून जाणता प्लंबर मिक्सर बसवण्याआधी पाइप मोकळा वाहू देतो.

आता नळाच्या अंगाकडे वळू. आत वळणावळणाचे मार्ग असलेला पितळी तुकडा घडतो कसा, याचं मला फार अप्रूप आहे. बाहेरच्या आकाराचा साचा असतो आणि आतल्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा, ज्याला कारखान्यात कोअर म्हणतात. गाभा साच्यात ठेवायचा, भोवती वितळलेलं पितळ ओतायचं, निवलं की वाळू फोडून झटकून टाकायची. वाळूच्या जागी पाण्याची वाट तयार. मग आटे पाडणं, घासणं, पॉलिश. त्यावर आधी निकेलचा थर आणि वर क्रोमचा. क्रोम इतका पातळ असतो की त्याची जाडी मायक्रॉनच्या अंशात मोजतात. आरशासारखी चमक येते ती मुळात खाली केलेल्या पॉलिशमुळे. खालचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर क्रोम तो दोष झाकत नाही, उलट उठून दाखवतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पण लेथवर ते नीट कापलं जावं म्हणून त्यात परंपरेने दोनतीन टक्के शिसंही घालत आले आहेत. शिशामुळे कापताना लांब गुंतवळ न होता बारीक चुरा पडतो आणि यंत्र वेगाने चालतं. हेच शिसं रात्रभर नळात थांबलेल्या पाण्यात किंचित उतरतं. मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं घातक, म्हणून कायदे कडक होत गेले. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या नळात, पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागांवर सरासरी पाव टक्क्यापेक्षा जास्त शिसं चालत नाही. युरोपीय संघाने पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅमवरून २०३६ पर्यंत ५ वर आणायचं ठरवलं आहे. स्वित्झर्लंड त्या संघात नाही, पण माल तिथेच विकायचा तर धातू बदलणं भाग आहे. काही कारखाने कमी शिशाच्या पितळेकडे वळले, काही थेट स्टेनलेस स्टीलकडे. सकाळी पिण्यासाठी पाणी घेण्याआधी नळ थोडा वाहू द्यावा आणि ते पाणी झाडांना घालावं, हा सल्ला म्हणूनच योग्य आहे.

केडब्ल्यूसीचं नाव स्वयंपाकघरात झालं ते ओढून बाहेर काढता येणाऱ्या फवाऱ्यामुळे. तोटीचं तोंडच हातात घ्यायचं, त्यामागे लवचीक नळी बाहेर येते, सिंकचा कोपरा धुवायचा, भाजी धुवायची, मोठं पातेलं सिंकबाहेर ठेवूनच भरायचं, आणि सोडलं की नळी परत आत. १९५० च्या दशकात या कंपनीने तो आणला आणि पुढे जगभर स्वयंपाकघरांचा तो नेहमीचा भाग झाला. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात भांडी विसळायला वरून लटकणारा, स्प्रिंगचा मोठा फवाराही कंपनीच्या मालात आहे.

वरून ही केवळ सोय दिसते. पण यात एक धोका दडलेला आहे आणि तो सोडवल्याशिवाय असा नळ विकता येत नाही. समजा फवारा खरकट्या पाण्याने भरलेल्या सिंकमध्ये बुडून पडला आहे. त्याच वेळी रस्त्यावरचा पाइप फुटला आणि दाब उलटा झाला. मग ते खरकटं पाणी फवाऱ्यातून, नळीतून थेट पिण्याच्या पाण्याच्या पाइपमध्ये ओढलं जाईल, कदाचित शेजाऱ्याच्या घरापर्यंत. स्थिर तोटी सिंकच्या काठाहून उंच असते, त्यामुळे मधली हवा आपोआप रक्षण करते. हलत्या तोटीत ते रक्षण राहत नाही. म्हणून तिच्यात पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवतात. स्वस्तातला मिक्सर घेताना ही झडप आहे का, हे जरूर विचारावं. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच गाळली जाण्याची भीती.

छोट्या देशातली कंपनी जर्मनीतल्या बलाढ्य कारखान्यांच्या शेजारी टिकली कशी? गुणवत्ता हे एक उत्तर झालं. मला आणखी दोन कारणं महत्त्वाची वाटतात. पहिलं मापाचं. युरोपात भिंतीवरच्या मिक्सरच्या गरम-गार जोडांमधलं अंतर साधारण १५० मिलिमीटर असतं. स्वित्झर्लंडमध्ये ते १५३. स्वयंपाकघराची कपाटंही शेजारी देशांत ६० सेंटिमीटर रुंदीची, तर स्विस मापात ५५ ची. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण परदेशी मिक्सर जुन्या भिंतीवर सरळ बसत नाही. जुनी घरं दुरुस्त करताना स्विस मापाचा माल बनवणाऱ्याकडेच जावं लागतं.

दुसरं कारण घरांच्या मालकीचं. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ६० टक्के कुटुंबं भाड्याने राहतात आणि अनेक इमारती पेन्शन फंड आणि विमा कंपन्यांच्या असतात. म्हणजे नळ विकत घेतो इमारतीचा मालक, निवडण्यात हात असतो प्लंबरचा, आणि वापरतो भाडेकरू. मालकाला ३० वर्षं पुरणारी वस्तू हवी असते. प्लंबरला सुटे भाग हातोहात मिळायला हवे असतात, कारण २० वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं कार्ट्रिज मिळालं नाही तर शिव्या त्यालाच बसतात. अशा बाजारात दिखाऊ आणि अल्पायुषी माल टिकत नाही. भाडेकरूने वायसर किंवा शॉवरची नळी बदलण्यासारखी किरकोळ कामं स्वतः करावीत, अशी तिथली रीत आहे. म्हणून सुटा भाग साध्या माणसालाही बदलता यावा, हीसुद्धा अपेक्षा असते.

मालकी मात्र फिरत राहिली. केडब्ल्यूसी जर्मनीच्या हन्सा कंपनीच्या हाती गेली. २०१३ मध्ये हन्साच फिनलंडच्या ओरासने घेतली, आणि त्याच वर्षी केडब्ल्यूसी फ्रांके या स्विस समूहाकडे आली. फ्रांके सिंकसाठी प्रसिद्ध, आणि तीही आरगाऊतलीच, आरबुर्ग गावची. सिंक बनवणाऱ्याने नळवाल्याला घरात घेणं साहजिक होतं. २०२१ मध्ये फ्रांकेने आपला वॉटर सिस्टिम्स विभाग इक्विस्टोन या गुंतवणूक संस्थेला विकला आणि त्या विभागाने पुढे केडब्ल्यूसी हेच नाव धारण केलं. मालक बदलले, पण १८७४ पासूनच्या कंपनीचं नाव फेकून द्यावं असं कुणाला वाटलं नाही. प्लंबरच्या तोंडी बसलेलं नाव हीच नळाच्या धंद्यातली मोठी ठेव असते.

आपल्याकडे असा युरोपीय मिक्सर घेणाऱ्यांनी एक हिशेब आधी करावा. युरोपातले मिक्सर साधारण ३ बार दाब धरून आखलेले असतात, म्हणजे ३० मीटर उंच पाण्याचा दाब. आपल्या इमारतीत पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. सर्वात वरच्या मजल्यावर नळ आणि टाकीतलं पाणी यांत तीन मीटरचं अंतर असेल तर दाब मिळतो ०.३ बार, दहावा हिस्सा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे पाणी दहाव्या हिश्श्याने नाही, पण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येईल. त्यात तोंडाच्या जाळीत पाणी वाचवणारी रबरी कडी असेल, तर धार आणखी बारीक होते. ती कडी जास्त दाबाला दबून वाट अरुंद करण्यासाठी बनवलेली असते, कमी दाबाच्या घरात तिचा काही उपयोग नाही. म्हणून दुकानात रंग आणि आकार पाहण्याआधी मिक्सरला किमान किती बार दाब लागतो ते विचारावं, आणि गच्चीवरच्या टाकीपासून आपला सिंक किती मीटर खाली आहे ते मोजून जावं. कमी पडत असेल तर कमी दाबासाठी असलेली जाळी मागावी किंवा टाकीशी छोटा प्रेशर पंप बसवावा. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याच्या भागात जाळीवर पांढरा थर धरतो. ती दरदोन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये भिजवली की धार पुन्हा पहिल्यासारखी होते.